पोटॅशच्या शेडमधली जावा : घासलं की दोन दिवसांत पुन्हा गंज

रावेरची_जावा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. सगळं सांगितल्याशिवाय उत्तर मिळणार नाही असं वाटतं, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

आमच्या आप्पांची जावा २५० मोटारसायकल, १९७१ चं मॉडेल, म्हैसूरच्या कारखान्यातली. आप्पांनी १९८३ साली सावद्याच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली. केळीचा बाग, यावलचा बाजार, रात्री अकरा वाजता निंभोरा स्टेशनवर वॅगन भरायला जाणं, सगळं हिच्यावर. किकची दांडी तीच आणि गिअरचीही तीच, हे बघायला आम्ही पोरं अंगणात उभी राहायचो. १९९७ ला आप्पांनी दुसरी गाडी घेतली आणि जावा मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लागली, ती तिथेच राहिली. आप्पांना जाऊन आता दोन वर्षं झाली. आईनं एकच सांगितलंय, "चालू झाली तं झाली, नई झाली तं नई. पन टाकी बदलू नको."

टाकीच्या डाव्या अंगाला म्हशीचं शिंग लागून पोचा पडलाय आणि गुडघ्याच्या रबराखाली केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत. ते दोन्ही तसेच ठेवायचेत.

आता अवस्था. टाकीच्या क्रोमवर मोहरीएवढे तांबडे ठिपके, काही ठिकाणी तळहाताएवढा पापुद्रा. दोन्ही रिमा आतून पूर्ण खाल्लेल्या. स्पोक काळे, निपल, म्हणजे स्पोक रिमेला आवळणारे बारीक नट, फिरवायला गेलो तर दोन बिस्किटासारखे तुटले. इंजिनच्या झाकणांवर पांढरी भुकटी. कार्बोरेटरवरही तसलीच, जास्त जाड. मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, जाम. टाकीत बॅटरी मारली तर आत विटेचा चुरा पडल्यासारखं दिसतं.

मी काय केलं तेही लिहितो, कारण चूक तिथेच असावी. मागच्या रिमेवर ठिबक धुवायचं ॲसिड पाण्यात घालून ब्रशनं लावलं. दहा मिनिटांत गंज गेला, खाली चांदीसारखा पत्रा दिसला. पाण्यानं धुतलं, फडक्यानं पुसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रिम पूर्ण नारिंगी, आणि कडेचं क्रोम नखानं निघायला लागलं. मग ॲसिड बंद केलं. स्टँड आणि टूलबॉक्स नुसते पॉलिश पेपरनं घासले, एक थेंब पाणी लावलं नाही. तेही दोन रात्रींत तांबूस. टाकीवर ड्रिलला तारेचा ब्रश लावून इंचभर घासलं आणि घाबरून थांबलो.

एका वर्कशॉपमध्ये दोन्ही सायलेन्सर नमुन्यासाठी दिले होते. त्यांनी बफवर इतके घासले की एकाला बोट जाईल एवढं भोक पडलं. आता कुणाकडे काही द्यायची हिंमत होत नाही.

मला न सुटलेलं कोडं हे, की आमच्याकडे एप्रिलमध्ये ४३ डिग्री ऊन आहे, हवेत दमटपणा नाही. कोकणात गंज चढतो हे समजतं. रावेरात, कोरड्या लोखंडावर, दोन रात्रींत गंज कसा येतो?

चाळीसगाव_टू_स्ट्रोक

भाऊ, माझ्याकडे राजदूत आहे, तिच्यावरून सांगतो. टाकीला तारेचा ब्रश पुन्हा लावू नका. लोखंडी तार गंजाबरोबर क्रोमखालचं चांगलं निकेलही ओरबाडते. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल घ्या, चुरगळून गोळा करा, पाण्यात बुडवून हलक्या हातानं गोल फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे क्रोमला ओरखडा पडत नाही आणि गंजाचा ठिपका मात्र निघतो. काळपट लगदा येईल, तो पुसत राहा. आतला खड्डा राहतोच, तो कशानं भरत नाही. पण लांबून टाकी पुन्हा टाकीसारखी दिसते.

निपलचं आणि दोन रात्रींचं मला सांगता येणार नाही.

वरणगाव_टूलरूम

रावेरवाले दादा, मी आयुध निर्माणीत टूलरूमला होतो, आता निवृत्त आहे. उत्तर देण्याआधी दोन प्रश्न विचारतो. एक, शेडमध्ये गाडीच्या आजूबाजूला काय काय ठेवलंय? एकूण एक वस्तू लिहा. दोन, गाडीचा एखादा भाग तुम्ही घरी नेऊन घासलाय का, आणि असेल तर तो कसा आहे?

रावेरची_जावा

काका, मुद्दाम जाऊन बघून आलो.

गाडीच्या मागच्या भिंतीला पोटॅश खताच्या गोण्या. वर्षभर कमीजास्त होतात, पण जागा तीच, आप्पांच्या वेळेपासून. दोन गोण्या फाटलेल्या, लाल खडे गाडीच्या चाकापर्यंत सांडलेले. बाजूला युरिया. कोपऱ्यात ठिबकच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन कॅन, त्यातल्या एकाचं झाकण चिरलंय म्हणून वर पिशवी बांधून ठेवलीय. कुडाच्या पलीकडे तीन म्हशी. औषधाचा पंप, जुनी ठिबकची नळी, बस.

तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, त्या दाराचं कुलूप आम्ही दर वर्षी बदलतो. आणि ॲसिडच्या कोपऱ्यातले पत्र्याचे खिळे बाकीच्यांपेक्षा जास्त गेलेत.

घरी हेडलाइटची रिंग आणली होती. घासून तेलाचा बोट फिरवून कपाटावर ठेवली. महिना होत आला, जशीच्या तशी आहे.

वरणगाव_टूलरूम

दादा, तुमच्या कोड्याचं उत्तर तुम्हीच लिहिलंत. गाडी आजच्या आज त्या शेडमधून बाहेर काढा. ओसरीत ठेवा, झाडाखाली ताडपत्री टाकून ठेवा, पण तिथे नको. ती तिथे आहे तोवर एक स्पोकही घासू नका, मेहनत वाया जाईल.

हायड्रोक्लोरिक ॲसिडचा कॅन उन्हानं तापला की आतला वायू बाहेर पडतो, रात्री गार झाला की बाहेरची हवा आत ओढतो. झाकण चिरलेलं असलं तर हे रोज चालतं. तो वायू हवेत असेल तेवढा ओलावा धरून उघड्या लोखंडावर बसतो. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला सवय होऊन जाते. आमच्याकडे ॲसिडनं माल धुवायची जागा वेगळ्या इमारतीत होती आणि तिथे व्हर्निअर, मायक्रोमीटर असली मापाची हत्यारं घेऊन जायला सक्त मनाई होती. तुमचा टूलबॉक्स पाणी न लावता तांबूस झाला तो ह्याच्यामुळे. घरातली रिंग वाचली तीही ह्याच कारणानं.

रिमेचं आणखी एक आहे. त्या ॲसिडनं गंज विरघळला की लोखंडाचं क्लोराइड तयार होतं. साध्या पाण्यानं एकदा धुऊन ते जात नाही, खड्ड्यांच्या तळाशी राहतं, आणि कोरड्या हवेतूनही ओल ओढून घेतं. म्हणजे तुम्ही गंज काढलात आणि नव्या गंजाचं बी पेरून ठेवलंत. पोटॅशही पोटॅशियमचं क्लोराइडच. २७ पावसाळे त्या लाल खड्यांची धूळ टाकीवर बसली, ओल धरली, क्रोमच्या बारीक छिद्रांतून खाली गेली. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. लोखंडाला खरं राखतं ते त्याच्या खालचं निकेल. क्लोराइड छिद्रातून आत शिरलं की लोखंड आतून फुगतं आणि वरचा थर पापुद्र्यासारखा उचलला जातो. टाकीवर मोहरीएवढे ठिपके आहेत, त्या प्रत्येकाच्या मधोमध असं एक छिद्र आहे.

आता निपल. ह्यावर मला थोडं जास्त लिहायचंय, कारण माझं आयुष्य काडतुसांच्या पितळात गेलं.

निपल पितळेचे असतात, वरून निकेल. पितळ गंजत नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. इंग्रजांच्या काळात ह्याच देशात पावसाळ्यात काडतुसांची पितळी टरफलं आपोआप चिरायची. उन्हाळ्यात धड असलेला माल पावसाळ्यानंतर फुटलेला निघायचा, म्हणून त्या रोगाला ऋतूचंच नाव पडलं. ती काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेली असायची. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा, आणि पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण अमोनियाच्या संगतीत मोकळा व्हायचा, चिरेच्या रूपानं. हे कारण नीट सिद्ध झालं १९२१ साली. उपाय सोपा निघाला, टरफल शेवटी हलकं तापवून आतला ताण घालवायचा.

तुमच्या निपलवर स्पोकचा ताण कायमचा आहे. कुडाच्या पलीकडे तीन म्हशी आणि अलीकडे युरिया. एक निपल काढा, रॉकेलनं स्वच्छ करा, भिंगाखाली धरा. लांबीच्या दिशेनं केसासारखी चीर दिसली तर सगळे निपल फेका, एकही परत बसवू नका. त्या चाकावर माणूस बसणार आहे. पेट्रोलचा कॉक पितळी असेल तर तोही असाच तपासा.

आता काय कशानं साफ करायचं.

आधी चुंबक घ्या. चुंबक धरतं ते लोखंड. पांढरी भुकटी आलेली झाकणं ॲल्युमिनियमची, कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा. ह्या दोघांना धुण्याच्या सोड्याचं पाणी नको आणि ॲसिडही नको, दोन्ही त्यांना खातात. झाकणं रॉकेलनं धुवा, मऊ ब्रश, मग बारीक पॉलिश पेपर ओला करून, शेवटी पॉलिशची पेस्ट. कार्बोरेटरला पेट्रोल आणि दात घासायचा ब्रश. भुकटीखाली खड्डे निघतील ते तसेच राहू द्या. फक्त जिथे पॅकिंग बसतं ती जागा काचेवर पेपर ठेवून सपाट करा.

प्लेटिंग (क्रोम-निकेलचा मुलामा) नसलेलं लोखंड, म्हणजे स्टँड, टूलबॉक्स, ब्रेकचा पेडल, मागचं कॅरिअर, ह्यांना विजेनं साफ करा. औषधाचा निळा ड्रम अर्धा कापा, आतून चांगला धुवा. वीस लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची काळी, निगेटिव्ह वायर गाडीच्या भागाला. लाल वायर भंगारातल्या सळईला किंवा पत्र्याला. दोघं एकमेकांना चिकटता कामा नयेत. चार्जर चालू केला की भागावरून बारीक बुडबुडे निघतात, गंज सैल होतो, काळा चिखल होऊन धुतला जातो. चांगलं लोखंड एक दोराही कमी होत नाही, हे ॲसिडला कधी जमत नाही. सळई ज्या बाजूला तीच बाजू जास्त साफ होते, म्हणून चारी बाजूंना चार सळया उभ्या करा आणि वायरनं जोडा. हल्लीचे आपोआप बंद होणारे चार्जर बॅटरी दिसली नाही तर चालूच होत नाहीत, जुना लोखंडी डब्याचा चार्जर शोधा. वायर उलट लावलीत तर तुमचाच भाग विरघळेल, दोनदा तपासा. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ बिडी, काडी काही नको.

सळईच्या जागी स्टीलचा चमचा किंवा ताटली वापरायला कुणी सांगेल. स्टेनलेस अजिबात वापरू नका. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं ते विषारी असतं.

स्प्रिंगा, एक्सल, चेन हे कडक केलेलं पोलाद. ह्यांना ॲसिड नको आणि विजेचा ड्रमही नको. दोन्हीत हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. आमच्याकडे स्प्रिंगला प्लेटिंग झालं की लगेच भट्टीत १९० ते २०० डिग्रीला कित्येक तास ठेवायचे, हायड्रोजन बाहेर काढायला. घरी ते नीट होत नाही. तेल आणि बारीक तारेची घासणी घेऊन हातानं घासा. वेळ लागेल, लागू द्या. चेन मात्र नवीनच घ्या.

अमळनेर_रसायन

दादा, मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. काकांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे. मला फक्त धुण्याबद्दल लिहायचं आहे, कारण क्लोराइड गेलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही आणि तुमच्या विहिरीच्या पाण्यातही क्षार असतातच.

साफ केलेला भाग सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ते पाणी टाका, नवं घ्या. असं चार-पाच वेळा. शेवटचं बुडवणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात करा. ते थोडं पाणी काचेच्या बाटलीत घेऊन जवळच्या कुठल्याही शाळेत जा, विज्ञानाच्या शिक्षकांना सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायला सांगा. पांढरं, दुधाळ झालं तर क्लोराइड शिल्लक आहे, पुन्हा धुवा. स्वच्छ राहिलं तर वाळवून लगेच तेल किंवा प्रायमर लावा. तपासणीचं पाणी डिस्टिल्डच हवं आणि सोड्याचं नको, नाहीतर उत्तर खोटं येईल. पाऊस सुरू झाला की पहिल्या दोन सरी सोडून पत्र्यावरचं पाणी धरलंत तरी चालेल. फक्त तो पत्रा त्या शेडचा नको.

आणखी एक. तुम्ही जिथून ठिबकचं ॲसिड आणता त्याच दुकानात फॉस्फरिक ॲसिडही मिळतं, तेही ठिबक धुवायलाच वापरतात. गंजासाठी ते हायड्रोक्लोरिकपेक्षा कितीतरी चांगलं. त्यात क्लोराइड नाही, आणि गंजाशी त्याची क्रिया होऊन लोखंडाचं फॉस्फेट तयार होतं. ते करडं-काळं, घट्ट असतं, त्यावर रंग चांगला धरतो. दुकानातलं ८५ टक्क्यांचं असतं. एक भाग ॲसिड, पाच भाग पाणी पुरे. नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा घालाच. आणि कुठल्याही ॲसिडजवळ ब्लीचिंग पावडर ठेवू नका, दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. मळ्यातल्या शेडमध्ये विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग असतेच, म्हणून सांगितलं.

तुमच्या चिकाच्या डागांबद्दल वाचून बरं वाटलं. केळीच्या चिकात टॅनिन असतं आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग धरतो. पूर्वी हिरड्याची शाई करायचे ती ह्याच गुणावर. ते डाग साबणानं जाणार नाहीत. तुम्हाला ठेवायचेच आहेत, तर टाकीच्या त्या भागावर कुठलंही ॲसिड जाऊ देऊ नका, लिंबूसत्वसुद्धा नाही.

नाशिक_क्रोम

माझं मत वेगळं आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा टाकी, रिमा, रिंग सगळं प्लेटिंगला द्या. आधी जुनं निकेल-क्रोम उतरवतात, मग तांबं, त्यावर निकेल, त्यावर क्रोम. चांगल्या हातानं केलं तर गाडी शोरूममधून आणल्यासारखी दिसते. पोचाही निघून जाईल. २७ वर्षांचा गंज घेऊन फिरण्यात काय अर्थ?

वरणगाव_टूलरूम

नाशिकवाले दादा, नवी करकरीत गाडी हवी असती तर तुमचं म्हणणं मी उचलून धरलं असतं. प्लेटिंगला माझा विरोध नाही. पण प्लेटिंग खड्डा भरत नाही, उलट चमकून दाखवतं. खड्डा जायला पत्रा बफवर घासावा लागतो, आणि टाकीचा पत्रा आधीच क्लोराइडनं आतबाहेर खाल्लेला आहे. त्यांच्या सायलेन्सरचं जे झालं ते टाकीचं होऊ शकतं, आणि सायलेन्सर नवा मिळतो, ही टाकी मिळणार नाही. आईंनी पहिल्याच दिवशी तिचा निकाल दिलाय.

हेडलाइटची रिंग आणि ब्रेकच्या दांड्या प्लेटिंगला द्यायला हरकत नाही. रिमा आतून खाल्ल्यात, त्या नव्या घ्या. जुन्या रिमेला प्लेटिंग करून वर ताण देणं मला पटत नाही.

कागदाचीही एक बाजू बघा. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं मिळतात. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. तुमची १९७१ ची बसते. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्याच कामाला रस्त्यावर काढता येते. चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर ती मूळ रूपातली धरत नाहीत. म्हणून चेसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर जिथे ठोकलाय तिथे ग्राइंडर, सँडब्लास्ट, जाड पुट्टी काही जाऊ देऊ नका. तिथे फक्त तेल आणि फडकं.

चाळीसगाव_टू_स्ट्रोक

टाकीच्या आतलं मी सांगतो, राजदूतची दोनदा केलीय.

कॉक काढा, झाकण काढा. आधी भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्यानं दोन-तीनदा धुवा, जुन्या पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत. वास असताना ब्लोअर, वेल्डिंग, हीट गन काही नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. मग बाहेरच्या क्रोमला सगळीकडे ग्रीस चोपडा, म्हणजे सांडलं तरी डाग पडणार नाही. आत मूठभर जुने नट किंवा धारेची बारीक गिट्टी आणि ताईंनी सांगितलेलं फॉस्फरिक पाणी. कॉकच्या भोकाला रबरी बूच. झाकण घट्ट लावून ठेवू नका, आत वायू तयार होतो, मधून मधून सैल करा. जाड गोधडीत गुंडाळून दर वीस मिनिटांनी कूस बदलायची. माझी चार तासांत स्वच्छ झाली.

नट मोजून टाका आणि मोजून काढा. माझा एक आत राहिला होता, सहा महिन्यांनी कॉकच्या तोंडाशी आला आणि गाडी घाटात बंद पडली.

मग सोड्याचं पाणी, मग दोनदा साधं पाणी, आणि उन्हात उपडी. आपल्या मे महिन्याच्या उन्हाला तोड नाही, तासाभरात ठणठणीत. ओली टाकी सावलीत ठेवलीत तर अर्ध्या तासात पुन्हा तांबूस होते. वाळली की लगेच पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल जास्त घालून आतून सगळीकडे फिरवा.

पुढे गाडी उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी वाढलं की खाली बसतं आणि टाकी तळातून गंजते. मी महिनाभर काढणार नसेन तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही कोरडे करून ठेवतो.

रावेरची_जावा

मंडळी, पंचवीस दिवसांनी लिहितोय. मध्ये केळीची कापणी होती.

गाडी त्याच दिवशी ओसरीत आणली. ढकलताना मागचं चाक फिरेना, चौघांनी उचलून आणली. ॲसिडचे कॅन बागेच्या टोकाला, उघड्यावर, विटांच्या खणात ठेवले. झाकण नवं घेतलं.

ड्रमचं काम तीन आठवडे चाललं. शेतातली लाइट रात्रीची असते म्हणून घरच्या लाइनवर, अंगणात केलं. पहिला टूलबॉक्स टाकला. सकाळी बाहेर काढून हात फिरवला तर काळा चिखल निघाला आणि खाली आप्पांनी खिळ्यानं कोरलेलं त्यांचं नाव. ते तिथे होतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ त्याच्यावर बोट फिरवत बसली.

धुण्याचं ताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. गावच्या शाळेतल्या सरांनी सिल्व्हर नायट्रेट टाकलं, पहिल्या बाटलीचं अक्षरशः ताक झालं. तिसऱ्या धुण्याला नुसतं धुरकट, पाचव्याला स्वच्छ. सरांनी नववीच्या वर्गाला बाटल्या ओळीनं लावून दाखवल्या. तो टूलबॉक्स तेल लावून दोन आठवडे ओसरीत आहे. गंजाचा एक ठिपका नाही.

पुढच्या चाकाचे निपल भिंगाखाली बघितले. अकरा निपलांना चीर, काकांनी सांगितली तशीच, लांबीत. सगळे काढले. ह्या चाकावर आईला मागे बसवून मुक्ताईनगरला जायचा माझा बेत होता. तुम्ही नसतं सांगितलं तर मी नुसते घासून परत आवळले असते.

टाकीला फॉइल फिरवली, वॅक्स लावलं. ठिपके दिसतात, पोचा आहे, चिकाचे डाग आहेत. जिथे मी ब्रश मारला तो इंचभर पट्टा मात्र निस्तेज राहिला, त्याचं वाईट वाटतं. टाकी आतून साफ झाली. नट चोवीस टाकले, चोवीस काढले.

आता अडलंय ते मागच्या एक्सलवर. आठ दिवस डिझेल सोडतोय, हलत नाही. हातोडा मारू का?

वरणगाव_टूलरूम

आत्ता नको. आधी एक्सलच्या टोकावर नट परत चढवा, टोकाच्या पातळीत येईपर्यंत, म्हणजे ठोक्यानं आटे मुडपणार नाहीत. नुसत्या डिझेलनं काम झालेलं नाही, त्यात ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीत घालतात ते ट्रान्समिशनचं तेल निम्मं मिसळा आणि चाक आडवं करून वरून सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, उकळतं पाणी ओता, किटली-दोन किटल्या. हब ॲल्युमिनियमचा आहे, तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतो, मधली पकड सैल होते. गरम असतानाच टोकावर तांब्याचा तुकडा धरून ठोका. आधी आत जाण्याच्या दिशेनं एक, मग बाहेर. फिरवून सुटला तर ओढण्यापेक्षा बरं, म्हणून दुसऱ्या टोकाला पान्हा लावून केसभर हलतो का तेही बघत राहा. एका दिवसात झालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गॅसची ज्योत लावू नका, बेअरिंगचं ग्रीस जळेल आणि हबला तडा जाईल.

नट चोवीसचे चोवीस आले हे वाचून समाधान झालं.

रावेरची_जावा

काका, निघाला. तिसऱ्या किटलीला. ठोक्याला नाही, पान्ह्यानं आधी केसभर फिरला, मग हातानं. एक्सल मधोमध खाल्लेला आहे, वाकलेला नाही. तरी लेथवाल्याकडून नवा करून घेतो.

नव्या रिमा उद्या येतायत. जुने स्पोक कापून टाकू ना आता?

वरणगाव_टूलरूम

थांबा. मागच्या रिमेचे स्पोक कापण्याआधी हबच्या कडेवर सरळ पट्टी धरा आणि तिथून रिमेच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही बाजूंनी, चार ठिकाणी. रिम हबच्या बरोबर मधोमध असतेच असं नाही, एका बाजूला थोडी सरकलेली असू शकते. ते माप गेलं की नवीन चाक बांधणारा अंदाजानं बांधतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पुढच्या चाकाचे स्पोक अजून असतील तर त्याचंही घ्या. स्पोक कुठला कुठल्यावरून जातो त्याचा फोटोही काढा.

रावेरची_जावा

मागचं माप घेतलं, आठही आकडे टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत खडूनं लिहिले. पुढच्याचे निपल काढले होते, पण स्पोक हबमध्येच आहेत. चार चांगले निपल मापापुरते परत लावून रिम जागेवर धरतो आणि तेही मोजतो. मग कापतो.